पन्नास

केमी बंदरात, बर्फफोड्या जहाजांच्या कचेरीत
मला रेइयो तुओमिकोस्कीचं टेबल मिळालं,
त्याच्या पाठीचा पोक आलेली खुर्ची,
आणि एक कॉम्प्युटर, ज्यातलं काहीच कुणी पुसलं नव्हतं.
पासवर्ड तेवढा बदल, म्हणाले,
चालतंय त्याला कशाला हात लावतेस.

नाही लावला.
अकरा दिवस जहाजांच्या वाटा आखणारा कोड दुरुस्त केला,
रोज संध्याकाळी गिटमध्ये कमिट केला,
आणि प्रत्येक कमिटवर सही उमटत राहिली
त्या माणसाची, जो निवृत्त होऊन
समुद्राच्या बर्फाला भोक पाडून
तिपाईवर गळ धरून बसला होता.

चौथ्या दिवशी माझ्याकडून एक उणे चिन्ह राहिलं.
नवव्या दिवशी लाकडाचा लगदा नेणारं जहाज
जाड बर्फात शिरलं आणि सहा तास तिथेच.
मीटिंगमध्ये मार्केत्तानं लॉग पडद्यावर लावला,
ओळीवर बोट ठेवलं. रेइयो.
म्हातारा जाता जाता घोळ घालून गेला म्हणायचा!
सगळे हसले. मीही हसले असेन.
तारीख त्याच ओळीत होती,
कुणी पाहिली नाही. मी पाहिली.
मूग गिळले, वर कॉफी ओतली.
दुसऱ्याच्या नावावर बिल फाडायला
पेनही उचलावं लागत नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

अकराव्या दिवशी, सगळे गेल्यावर, ती फाईल उघडली.
नावाआधी ठिपका, म्हणून साध्या यादीत न दिसणारी.
वरच नाव, बरोबरचं चिन्ह, रेइयो.
खाली त्याचं घरच म्हणा.
'कोतीन' असा शॉर्टकट, म्हणजे घराकडे:
असेल नसेल ते सगळं सर्व्हरला ढकल आणि कॉम्प्युटर बंद कर.
जुन्या वाटा विसरायची मुदत: कधीच नाही.
एका ओळीपुढे फक्त टीप, मार्च, हे का केलं आठवत नाही,
काढू नये.
आणि टाईप करताना आज्ञा चुकली तर
दुरुस्त करून चालवण्याआधी थांब: पन्नास.

मला कळलं होतं की सगळ्या कंपनीचा एक नियम असतो,
त्यावर माणसाचा, त्यावर त्या एका प्रोजेक्टचा,
आणि सर्वांत जवळच्याचं म्हणणं शेवटी खरं धरतात.
त्या खोलीत सर्वांत जवळ मी होते.

फोन केला. वाऱ्याचा आवाज, मग त्याचा.
"मार्केत्तानं केला होता परवा," तो म्हणाला.
"मग?"
"म्हटलं, असेल माझीच. चाळीस वर्षांतल्या कुणी मोजल्यात."
माफी मागायची होती. तोंडातून आलं,
"पन्नास का?"
"सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात मोजतं ते. म्हणजे पाच सेकंद."
"तेच विचारतेय. पाच का?"
बराच वेळ नुसता वारा.
"तेवढ्यात माणसाला म्हणता येतं,
थांब, मला तसं म्हणायचं नव्हतं."
मग म्हणाला, ओढतोय काहीतरी, आणि ठेवला.

ते अकरा दिवस खरवडून माझे करता आले असते.
पण सगळ्यांच्या प्रती फिसकटल्या असत्या,
आणि लबाडी एकदा झाली होती, तेवढी पुरे.
मी बरोबरच्या चिन्हापुढे पिह्ला रौतियो लिहिलं.
उणे चिन्ह जागेवर बसवलं.
संदेशात लिहिलं:
चौथ्या तारखेची चूक माझी.
याआधीच्या अकरा दिवसांत नाव रेइयोचं, हात माझा.
मार्केत्ता सकाळी आठला हे वाचणार होती.

घाईत कमिटमधला एक म गाळला.
कॉम्प्युटर म्हणाला, तुम्हाला बहुधा कमिट म्हणायचं आहे,
पाच सेकंदांनी पुढे जातो.

खिडकीत धक्क्यावरचे दिवे. एक. दोन.
रद्द करायच्या दोन कळांवर बोटं होती.
तीन.
बोटं उचलून मांडीवर ठेवली.